आधी मुक्काम, मग दर्शन: आरव्हीने न्यू मेक्सिको, कसिनो आणि अंतराळ संग्रहालय

गेल्या वर्षभरात ओळखीतल्या तीन कुटुंबांनी आरव्ही, म्हणजे पलंग, स्वयंपाकघर आणि संडास असलेली घरगाडी, भाड्याने घेऊन न्यू मेक्सिको गाठलं आणि तिघांचेही फोन मला रस्त्यातून आले. एकांना रात्री दहा वाजता गाडी लावायला जागा मिळेना. दुसऱ्यांकडे एसी, मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन एकदम लावलं की अख्ख्या गाडीची वीज जायची. तिसऱ्यांच्या टाकीचं काय झालं ते पुढे सांगते. तिन्ही घरची माणसं हुशार, महिनाभर नकाशे बघून निघालेली. चूक एकच: सहल कारच्या हिशेबाने आखलेली. कारच्या सहलीत आधी बघायच्या जागा ठरतात आणि हॉटेल मागाहून. आरव्हीत रात्रीची जागा, पाणी, वीज आणि घाट आधी ठरवावे लागतात, बघायच्या जागा त्यात बसवाव्या लागतात.

मी ज्या मार्गाबद्दल लिहिते आहे तो असा: अल्बुकर्कीला गाडी ताब्यात घ्यायची, आय-25 महामार्गाने दक्षिणेला सोकोरो, तिथून पुढे सॅन अँटोनियो नावाच्या छोट्या गावातून यूएस-380 ने पूर्वेला कॅरिझोझो, मग यूएस-54 ने खाली अलामोगोर्डो. तिथे अंतराळ संग्रहालय आणि पांढऱ्या वाळूचं व्हाइट सँड्स राष्ट्रीय उद्यान. परतताना यूएस-70 ने मेस्कलेरो-रुईडोसोचा डोंगर चढायचा आणि पुन्हा कॅरिझोझोमार्गे अल्बुकर्की. सगळं मिळून साधारण 500 मैल. आम्ही तीनदा केला, दोनदा सासू-सासऱ्यांना घेऊन.

## 1. तारखा

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात अल्बुकर्कीत नऊ दिवस बलूनचा मोठा उत्सव असतो. त्या दिवसांत आरव्हीही मिळत नाही आणि जागाही. मार्च-एप्रिलमध्ये वारा आणि धूळ. आरव्हीची उंच बाजू शिडासारखी वारा धरते, स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. जुलै ते सप्टेंबर दुपारच्या वळवासारख्या पावसाचे दिवस. जून 2024 मध्ये रुईडोसोच्या परिसरात मोठा वणवा लागला, डोंगर उघडे पडले आणि त्यानंतर तिथे थोड्या पावसातही पूर येऊ लागले. म्हणून पावसाळ्यात रुईडोसोचा मुक्काम ठरवताना जास्त विचार करा. ऑक्टोबरचा उत्तरार्ध सगळ्यात चांगला. दिवसा उबदार, रात्री स्वेटर लागतो.

तपासा: ॲरिझोनाहून येत असाल तर उन्हाळ्यात न्यू मेक्सिकोचं घड्याळ एक तास पुढे असतं. गाडी ताब्यात घ्यायची वेळ यामुळेच चुकते.

## 2. रात्रीच्या जागा

कागदावर फक्त रात्री लिहा: पहिली, दुसरी, तिसरी. प्रत्येकीपुढे तीन गोष्टी: वीज मिळते का, पाणी भरता येतं का, टाक्या रिकाम्या करता येतात का. हे तिन्ही जिथे मिळतं तिला फुल हुकअप म्हणतात. माझा नियम असा की लागोपाठ दोन रात्री हुकअपशिवाय काढायच्या नाहीत, विशेषतः घरात ज्येष्ठ माणसं असतील तर.

पहिली रात्र अल्बुकर्कीच्या पश्चिमेला, आय-40 वरच्या रूट 66 कसिनोच्या आरव्ही पार्कमध्ये. लगुना प्वेब्लो या मूळनिवासी समाजाचं हे कसिनो शहरापासून जेमतेम वीस मैलांवर आहे. उलट्या दिशेला कशाला, असं सगळे विचारतात. पहिल्या रात्री गाडीत काहीतरी चालत नाही असं हमखास लक्षात येतं. तेव्हा भाड्याचं दुकान वीस मैलांवर असलेलं बरं, दोनशे मैलांवर नव्हे.

दुसरी रात्र कॅरिझोझोजवळ, व्हॅली ऑफ फायर्स. लाव्हारसाच्या काळ्या पसाऱ्याच्या कडेला वीज-पाण्याच्या जागा आहेत. तिसरी आणि चौथी अलामोगोर्डोत, गावातल्या आरव्ही पार्कमध्ये किंवा दक्षिणेच्या ऑलिव्हर ली राज्य उद्यानात. पाचवी मेस्कलेरो अपाचींच्या डोंगरात. तिथलं कसिनो म्हणजे इन ऑफ द माउंटन गॉड्स.

सावध: व्हाइट सँड्स राष्ट्रीय उद्यानात आरव्हीने रात्र काढता येत नाही. दरवर्षी कोणीतरी तिथल्या सूर्यास्तानंतर "इथेच झोपू" म्हणून बेत आखतं आणि अंधारात जागा शोधत फिरतं.

जागेवर पोचायची वेळ दुपारी चार. पहिल्यांदा आरव्ही मागे घेताना उजेड हवाच.

## 3. गाडी आणि करार

चार-पाच माणसांना पंचवीस फुटांच्या आसपासची सी क्लास गाडी पुरते. ट्रकच्या केबिनवर पलंग असतो ती. तीस फुटी घ्यायचा मोह होतो. पेट्रोल पंपावर वळवताना तो उतरतो.

भाड्याच्या आकड्याकडे पाहून निर्णय घेऊ नका. मैल वेगळे मोजतात, जनरेटरचे तास वेगळे, भांडी-अंथरुणं वेगळी. या गाड्या एका गॅलनला आठ ते दहा मैल देतात, म्हणजे या सहलीला साठ गॅलनच्या आसपास इंधन धरा.

विम्याचं जरा नीट बघा. क्रेडिट कार्डावर भाड्याच्या कारचा विमा फुकट मिळतो, पण बहुतेक कार्डं आरव्हीला तो लागू करत नाहीत. घरच्या कारचा विमाही आरव्हीला चालतो असं गृहीत धरू नका. दोन्हीकडे फोन करून उत्तर लेखी मागवा. भारतातलं लायसन्स असलेलं कोणी चालवणार असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना लागेल का, हेही बुकिंगच्या आधी विचारा.

## 4. कागदपत्रं

हा टप्पा लोक सोडून देतात, कारण देशातल्या देशात फिरायचं तर पासपोर्ट कशाला, असं वाटतं. पण हा भाग मेक्सिकोच्या सीमेजवळचा आहे. अलामोगोर्डोहून लास क्रुसेसकडे जाताना, तसंच एल पासोहून अलामोगोर्डोकडे येताना, रस्त्यातच सीमा दलाच्या चौक्या आहेत. गाडी थांबवून नागरिकत्व विचारतात. अमेरिकेचे नागरिक नसलेल्या प्रौढांनी आपली नोंदणीची कागदपत्रं जवळ बाळगावीत असा कायदाच आहे.

ग्रीन कार्ड असेल तर मूळ कार्ड. एच-1बी असेल तर पासपोर्ट, आय-94, म्हणजे देशात आल्याची नोंद, आणि मंजुरीची प्रत. भारतातून आलेल्या आईवडिलांचा मूळ पासपोर्ट आणि आय-94 ची छापील प्रत. मोबाइलमधला फोटो पुरेल यावर विसंबू नका. या रस्त्यांवर रेंज जाते.

हे सगळं एका पाकिटात घालून पुढच्या सीटच्या खणात ठेवा. माझ्या सासूबाईंनी पहिल्या वेळी पासपोर्ट सुरक्षित राहावा म्हणून पलंगाखालच्या पेटीत, साड्यांच्या खाली ठेवला होता. चौकीवर मागे गाड्यांची रांग आणि आम्ही पेटी उपसतोय. अधिकारी सौजन्याने थांबले, पण सासूबाईंचे हात थरथरत होते. तो प्रसंग कुणाच्या आईवर येऊ नये.

## 5. ताबा घेताना पूर्ण एक तास

दुकानात व्हिडिओ दाखवतात आणि किल्ली देतात. तेवढ्यावर निघू नका. माणसाला उभं करून हे करून दाखवायला सांगा आणि तुम्ही मोबाइलवर चित्रीकरण करा:

1. बाहेरून चारही बाजू, छत, टायर. आधीचा प्रत्येक ओरखडा चित्रीकरणात येऊ द्या.
2. तीन टाक्या: स्वच्छ पाण्याची, ग्रे, म्हणजे मोरी आणि अंघोळीच्या पाण्याची, आणि ब्लॅक, म्हणजे संडासाची. दोन्ही सांडपाण्याच्या झडपा कुठे आहेत आणि बंद कशा दिसतात.
3. वीज बाहेरून जोडणं, जनरेटर चालू-बंद करणं, ब्रेकरची पेटी.
4. प्रोपेनचा मुख्य कॉक. चालू गाडीत आणि पेट्रोल भरताना तो बंद.
5. फ्रिज, गिझर, शेगडी, हीटर. चारही चालवून बघायचं.
6. गाडीची उंची. ती चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगवर चिकटवा. बारा फुटांच्या गाडीला हॉटेलच्या दारातलं छप्पर आणि बँकेचा ड्राइव्ह-थ्रू दोन्ही वर घासतात.

सावध: आरव्हीचं मागचं टोक चाकांच्या बरंच मागे असतं. डावीकडे वळलात की ते उजवीकडे झेपावतं. पहिल्या सहलीत पंपावरून निघताना आमचा उजवा मागचा कोपरा पिवळ्या खांबाला घासला. समोर सगळं मोकळं दिसत होतं. त्या फूटभर ओरखड्याचे पैसे आम्ही भरले. पंपावर आधी सरळ पुढे या, मागचं टोक खांब ओलांडू द्या, मग वळा.

## 6. पहिली रात्र: जोडणीचा क्रम

गाडी लावली की क्रम मोडू नका. आधी जमीन सपाट आहे का ते पाहा. नसेल तर चाकांखाली ठोकळे. फ्रिज खूप तिरका राहिला तर नीट थंड होत नाही आणि बिघडूही शकतो. मग वीज: खांबावरचा ब्रेकर बंद, प्लग जोडा, मग ब्रेकर चालू. मग पाणी: आधी दाब कमी करणारा पितळी रेग्युलेटर, मग पिण्याच्या पाण्याचा पांढरा पाइप. शेवटी सांडपाण्याचा पाइप, हातमोजे घालून. स्लाइड-आउट, म्हणजे बाहेर सरकणारी भिंत, सगळ्यात शेवटी आणि बाहेर एक माणूस उभा करून.

विजेचा हिशेब सोपा आहे. बहुतेक भाड्याच्या गाड्यांना 30 अँपिअरची जोडणी असते, म्हणजे सगळं मिळून 3,600 वॉट. एसीने त्यातला मोठा वाटा घेतलेला असतो. त्यावर मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन लावलं की ब्रेकर पडणारच. एका वेळी दोनच जड उपकरणं. भारतातला मिक्सर आणू नका, इथे 120 व्होल्ट असतात. चटण्या घरून वाटून आणा.

स्वयंपाकाबद्दल दोन गोष्टी. फोडणी दिली की धुराचा अलार्म वाजतो, कारण तो शेगडीपासून चार फुटांवर असतो. त्याची बॅटरी काढू नका. त्याच छताखाली प्रोपेन असतं. आधी छतावरचा पंखा आणि एक खिडकी उघडा, मग मोहरी टाका. दुसरं, डोंगरात कुकर आठवणीने न्या. सात हजार फुटांवर पाणी 93 अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. तेलकट ताट मात्र कागदाने पुसून मगच मोरीत. ते तेल ग्रे टाकीत थिजतं आणि वास बाहेर येतो.

## 7. रस्त्यावर

निघण्याआधी एकाने गाडीभोवती पूर्ण फेरी मारायची. जोडण्या काढल्या, पायरी आत, छताच्या खिडक्या बंद, कपाटांना कड्या, चाकांखाली काही नाही. ही फेरी रोज एकाच माणसाची. दोघांवर सोपवली की दोघांनाही वाटतं दुसऱ्याने पाहिलं.

आय-25 वर वेगमर्यादा 75 असली तरी तुम्ही साठ-पासष्टवर राहा. सोकोरोला इंधनाची टाकी भरा. यूएस-380 वर कॅरिझोझोपर्यंत पासष्ट मैल जवळजवळ काही नाही. आमच्या गाडीत पेट्रोलच होतं, पण इंधनाच्या झाकणावरचं लेबल वाचूनच नळी लावा. पंपावरची हिरवी मूठ बहुधा डिझेलची असते.

हातात एक दिवस जास्त असेल तर सोकोरोहून यूएस-60 ने पन्नास मैल पश्चिमेला व्हेरी लार्ज ॲरे ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी 25 मीटर व्यासाच्या 27 तबकड्या माळरानावर रुळांवर उभ्या. तिथे मोबाइल बंद ठेवायला सांगतात, कारण त्याच्या लहरी दुर्बिणीच्या कामात अडथळा आणतात.

सावध: अलामोगोर्डोहून क्लाउडक्रॉफ्टला जाणारा यूएस-82 टाळा. सोळा मैलांत चार हजारांहून जास्त फूट चढ, आणि परत तेवढाच उतार. यूएस-70 ने मेस्कलेरोला जा, तो चढ सौम्य आहे. उतारावर गाडी टो-हॉल मोडवर किंवा खालच्या गिअरमध्ये ठेवा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ब्रेक तापतात आणि जळका वास येतो. वास आला तर लगेच कडेला थांबून अर्धा तास गार होऊ द्या.

## 8. कसिनो: मुक्काम आणि खेळ वेगळे ठेवा

कसिनोच्या मैदानात फुकट रात्र काढता येते हे अर्धसत्य आहे. काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी पैसे भरून आरव्ही पार्कच घ्यावा लागतो, काही ठिकाणी ट्रकच्या जागेत लावायला सांगतात. ही मूळनिवासी राष्ट्रांची जमीन आहे, नियम त्यांचे आणि पोलीसही त्यांचे. निघायच्या आदल्या दिवशी फोन करून सुरक्षा विभागाला विचारा: आरव्ही कुठे लावायची, किती रात्री चालते, जनरेटर किती वाजेपर्यंत. उत्तर देणाऱ्याचं नाव टिपून घ्या. मैदानात असताना छत्री, खुर्च्या, स्लाइड-आउट काही बाहेर काढू नका.

आत जाण्याआधी:

1. वय एकवीसच्या आतलं कोणीही खेळाच्या हॉलमध्ये जाऊ शकत नाही. मुलांना गाडीत एकटं ठेवू नका, पाच मिनिटंसुद्धा. वाळवंटात बंद गाडी भराभर तापते आणि तो गुन्हाही धरला जातो. मोठ्यांनी पाळ्या लावा.
2. ओळखपत्र जवळ हवं. आजी-आजोबांचं वय दिसतं, तरी पासपोर्ट मागू शकतात.
3. घालवायची रक्कम रोख पाकिटात घ्या, कार्डं आरव्हीत कुलपात. आम्ही माणशी चाळीस डॉलर ठरवतो. जिंकलेले पैसे दुसऱ्या खिशात, ते पुन्हा मशीनमध्ये नाहीत.
4. आत फोटो काढू नका. मशीनवर आईचा फोटो काढावासा वाटतो, पण आधी कर्मचाऱ्याला विचारा.

आता एक गोष्ट जी जवळजवळ कोणालाच माहीत नसते. स्लॉट मशीनवर पैसे कोणाचे हे कसिनो पाहत नाही. बटण ज्याने दाबलं त्याचा जॅकपॉट. तुम्ही पैसे घातले आणि "आई, तुमचा हात चांगला, तुम्ही दाबा" म्हणालात तर मोठी रक्कम आईच्या नावावर लागते. पर्यटक व्हिसावर आलेल्या पाहुण्यांच्या अशा जिंकण्यातून 30 टक्के कर जागेवरच कापतात. ब्लॅकजॅक, रुले अशा खेळांना ही कपात लागू नाही, स्लॉटला आहे. मशीन वाजायला लागल्यावर जागा बदलून उपयोग नाही, वर कॅमेरे असतात. आणि तसं करणं खोटं बोलणंच आहे.

## 9. अंतराळ संग्रहालयाचा दिवस

न्यू मेक्सिको म्युझियम ऑफ स्पेस हिस्टरी हे अलामोगोर्डोच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी आहे. सोनेरी काचेची चौकोनी इमारत गावातूनच दिसते. आदल्या दिवशी फोन करून त्या दिवशी उघडं आहे ना आणि पंचवीस फुटी गाडी कुठे लावायची, हे दोन प्रश्न विचारा. शेवटचा रस्ता चढाचा आहे.

क्रम असा ठेवा: सकाळी उन्हाआधी बाहेरचं मैदान, मग आत. बाहेर लिटल जो-2 हे 86 फुटी रॉकेट उभं आहे. अपोलो यानातून अंतराळवीरांची सुटका करणारी यंत्रणा अशाच रॉकेटवर, इथून जवळच्या व्हाइट सँड्स क्षेपणास्त्र तळावर तपासली गेली. सॉनिक विंड हा रॉकेटवर पळणारा गाडा पाहायला विसरू नका. डिसेंबर 1954 मध्ये जॉन स्टॅप स्वतः त्यावर बसून ताशी 632 मैलांनी गेले आणि सेकंदभरापेक्षा थोड्या जास्त वेळात थांबले, माणसाचं शरीर किती झटका सोसतं हे बघायला. आपल्या आसनपट्ट्यांमागे तसले प्रयोग आहेत. मुलांना हे त्या गाड्यापुढे उभं राहूनच सांगा, मग ती आरव्हीत पट्टा लावायला कुरकुर करत नाहीत.

हॅम या चिंपांझीची समाधीही बाहेरच आहे. 31 जानेवारी 1961 ला तो अंतराळात जाऊन जिवंत परतला. आम्ही गेलो तेव्हा त्या फलकावर कुणीतरी एक केळं ठेवलेलं होतं. सालीवर काळे ठिपके पडले होते. सासरे टोपी काढून तिथे थोडा वेळ उभे राहिले.

आत गेल्यावर लिफ्टने थेट वरच्या मजल्यावर जा आणि उतरणीने खाली या. गुडघे दुखणाऱ्यांना हा क्रम सोयीचा. खालून सुरुवात केलीत तर चढ लागतो.

व्हाइट सँड्स दुसऱ्या दिवशी, आणि सकाळी फोन करूनच. शेजारच्या क्षेपणास्त्र तळावर चाचणी असेल तेव्हा यूएस-70 आणि उद्यान काही वेळ बंद ठेवतात. आतला रस्ता आठ मैलांचा, शेवटचे काही मैल दाबलेल्या पांढऱ्या जिप्समचे, खडबडीत. हळू जा, कपाटांच्या कड्या आधी बघा. कडेच्या मऊ वाळूत चाक घालू नका.

## 10. टाक्या रिकाम्या करणं

आता त्या तिसऱ्या कुटुंबाची गोष्ट. त्यांनी फुल हुकअपवर ब्लॅक टाकीची झडप तीन दिवस उघडी ठेवली, वाहून जाईल म्हणून. पाणी वाहून गेलं, घट्ट ते तळाशी बसलं आणि सुकलं. ते सोडवायला त्यांना मेकॅनिक बोलवावा लागला.

1. सुरुवातीलाच ब्लॅक टाकीत थोडं पाणी आणि दुकानातून मिळालेलं औषध घाला.
2. झडप बंद. दोन तृतीयांश भरेपर्यंत उघडायची नाही.
3. फ्लश करताना पाणी सढळ हाताने. ओले टिश्यू, सॅनिटरी पॅड, जेवणाचं उरलेलं काहीही संडासात नाही.
4. पाइप दोन्ही टोकांना घट्ट लावून हाताने ओढून बघा. आधी ब्लॅकची झडप उघडा, पूर्ण रिकामी होऊ द्या, बंद करा. मगच ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो.
5. पिण्याच्या पाण्याचा पाइप या कामाला कधीच वापरू नका. दोन्ही वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा.

## 11. परत देण्याचा दिवस

रुईडोसोहून अल्बुकर्की साधारण 180 मैल, पण मधे टाक्या रिकाम्या करायच्या, इंधन आणि प्रोपेन करारात लिहिल्याएवढं भरायचं आणि गाडी झाडायची असते. म्हणून परत द्यायच्या वेळेच्या किमान सहा तास आधी निघा, शक्य असेल तर आदली रात्र अल्बुकर्कीच्या जवळ काढा. मैलांचा आकडा, जनरेटरचे तास, इंधनाचा काटा आणि चारही बाजू यांचे फोटो दुकानाच्या आवारात उभं राहून काढा. फ्रिजचा दरवाजा उघडून बघा, आमचं दह्याचं विरजण एकदा तिथेच राहिलं. पलंगाखालची पेटी रिकामी करा आणि पासपोर्टचं पाकीट हातात आहे याची खात्री झाल्यावरच किल्ली द्या.